हंगाम सरता सरता स्कीइंग: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होळी जवळ आली की नागपुरात माळ्यावरचे कूलर खाली उतरतात, आणि नेमकं तेव्हाच लोकांना बर्फ आठवतो. "आता गेलो तर मिळेल का?" हा प्रश्न डिसेंबरात कोणी विचारत नाही, मार्चमध्ये सगळे विचारतात. मिळतो. पण त्याला दोन अटी आहेत: जागा उंच हवी आणि सकाळी लवकर उठायची तयारी हवी. खालची उत्तरं मुख्यतः गुलमर्गबद्दल आहेत. मार्च उलटल्यावरही लिफ्टने वर जाऊन स्की करत खाली येता येईल, अशी भारतात दुसरी जागा जवळपास नाहीच. मनाली, औली आणि आल्प्सबद्दल पुढे लिहिलं आहे.

मार्चअखेरीस किंवा एप्रिलमध्ये गुलमर्गला बर्फ खरंच असतो का?

कुठे, हे विचारायला हवं. गुलमर्गचं मैदान सुमारे २,६५० मीटरवर आहे. तिथून गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, पहिला टप्पा कोंगडूरीला जातो, ती जागा सुमारे ३,१०० मीटरवर आहे. दुसरा टप्पा अफरवत डोंगराच्या खांद्यापर्यंत, म्हणजे साधारण ३,९५० मीटरपर्यंत पोहोचवतो. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे हॉटेलपाशी दहा अंश असतील, तर गोंडोलाच्या वरच्या टोकाला एक-दोन अंशच असतात. त्यामुळे मार्चच्या शेवटी मैदानात पिवळं गवत आणि चिखल दिसायला लागतो, कोंगडूरीला बऱ्यापैकी बर्फ असतो आणि वर अफरवतवर भरपूर. गुलमर्गकडची ही बाजू ईशान्येकडे तोंड करून आहे. दुपारचं कडक ऊन तिला तिरपं लागतं, म्हणून बर्फ तिथे जास्त टिकतो.

दरवर्षी सारखं मात्र नसतं. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग कोरडं होतं, पर्यटक तपकिरी मैदानाचे फोटो काढून परतले. बर्फ नंतर पडला. २०२५ मध्ये तर खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा बर्फाअभावी फेब्रुवारीत पुढे ढकलावा लागला आणि मार्चमध्ये झाला. तेव्हा "जानेवारी म्हणजे खात्री आणि मार्च म्हणजे जुगार" हे गणित डोक्यातून काढून टाका.

मार्चमध्ये तिथे बर्फ टाकतात ते भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात. विदर्भात ऐन मार्चमध्ये गारपीट होऊन गहू आणि संत्रा झोडपला जातो, त्यामागे बऱ्याचदा अशाच एखाद्या झंझावाताचा आणि बंगालच्या उपसागराकडून आलेल्या दमट वाऱ्याचा संगम असतो. काटोल-नरखेडकडून गारपिटीच्या बातम्या आल्या की गुलमर्गचा अंदाजही एकदा उघडून पाहावा.

मग नेमकं जायचं कधी?

पहिल्यांदा स्की पायात घालणार असाल तर मार्चचा तिसरा-चौथा आठवडा. स्की येत असेल तर एप्रिलचा पहिला पंधरवडाही चालेल. त्यानंतर वरचे ठरावीक पट्टे सोडले तर मजा उरत नाही, आणि तिथे चालत-चढत पोहोचावं लागतं.

घरातल्या वेळापत्रकालाही हा काळ बरा पडतो. स्टेट बोर्डाचे दहावी-बारावीचे पेपर तोवर बहुतेक आटोपलेले असतात. सीबीएसईच्या मुलांना जुनं वर्ष संपून नवीन सुरू होण्याआधी थोडी फट मिळते. स्टेट बोर्डाच्या लहान वर्गांची परीक्षा एप्रिलमध्ये असते, त्यांची मात्र अडचण होते. मेच्या सुट्टीवर ढकलू म्हणाल, तर तेव्हा गुलमर्गला घोडे असतात, फुलं असतात, स्की नसते.

श्रीनगरची ट्यूलिप बाग साधारण मार्चच्या शेवटी उघडते आणि जेमतेम महिनाभर चालते. वर बर्फ आणि खाली ट्यूलिप असं एकाच सहलीत जमवायचं असेल तर हीच वेळ. गुढीपाडवा बहुधा याच दिवसांत येतो, आणि त्याच सुमारास काश्मिरी पंडितांचं नवरेह असतं.

वसंतातला बर्फ वेगळा असतो म्हणजे काय?

या पानावरचं हे सगळ्यात कामाचं उत्तर आहे, म्हणून थोडं सविस्तर.

जानेवारीतला ताजा बर्फ हलका आणि भुसभुशीत असतो, त्याला पावडर म्हणतात. मार्चनंतर दिवसा ऊन लागून बर्फाचा वरचा थर वितळतो, कणांच्या मधे पाणी शिरतं, रात्री ते पुन्हा गोठतं. असं चार-सहा दिवस चाललं की चांदण्यांसारखे टोकदार कण नाहीसे होतात आणि त्यांचे गोल, मोठे, एकमेकांना चिकटलेले दाणे होतात. भिजून मोकळा झालेला साबुदाणा डोळ्यांसमोर आणा, साधारण तसं. इंग्रजीत याला कॉर्न स्नो म्हणतात, गुलमर्गचे गाइडही तोच शब्द वापरतात.

या दाण्यांच्या तीन अवस्था एकाच दिवसात पाहायला मिळतात. पहाटे सगळा उतार गोठून टणक होतो, स्कीची कड त्यात धरत नाही आणि पडलात तर चांगलंच लागतं. ऊन येऊन वरचे दोन-चार सेंटिमीटर सैल झाले आणि खालचा थर टणकच राहिला, की जे मिळतं त्यासाठी अनुभवी लोक मुद्दाम हंगामाच्या शेवटी येतात. स्की आपोआप वळल्यासारखी वळते, वेग हाताबाहेर जात नाही, आवाजही मऊ होतो. मग दुपारी पाणी खोलवर मुरतं आणि बर्फाचा लगदा होतो. स्की त्यात चिकटते, गुडघ्याला पीळ बसतो. पायातले बूट घोट्यापर्यंत रुतायला लागले की त्या उताराचा दिवस संपला असं समजायचं.

मधली अवस्था किती वेळ टिकते? एका उतारावर तास-दोन तास. पण पूर्वेकडचा उतार आधी सैल होतो, दक्षिणेकडचा त्यानंतर, पश्चिमेकडचा दुपारी आणि उत्तरेकडचा सगळ्यात शेवटी, कधी कधी होतच नाही. जाणकार उन्हाच्या मागे मागे उतार बदलत जातात आणि तीच मजा चार तास खेचतात.

हे सगळं रात्रीवर अवलंबून असतं. आकाश निरभ्र असेल तर बर्फ आपली उष्णता वर सोडून देतो आणि हवा शून्याच्या किंचित वर असली तरी पृष्ठभाग गोठतो. ढग असतील तर ती उष्णता अडकते आणि बर्फ गोठतच नाही. नागपुरात डिसेंबरमध्ये ढग आले की थंडी पळते, ती याच कारणाने. म्हणून झोपण्यापूर्वी खिडकीतून बाहेर बघा. चांदण्या स्वच्छ दिसत असतील तर उद्याची सकाळ चांगली. ढगाळ रात्रीनंतर सकाळीच लगदा मिळतो, अशा दिवशी सरळ श्रीनगरला फिरायला जावं.

दिवस कसा आखायचा?

गोंडोला साधारण नऊ-दहाच्या सुमारास सुरू होतो, वारा असेल तर उशिराही. पहिल्या फेरीची घाई करू नका, तेव्हा वर बर्फ अजून कडक असतो. कोंगडूरीला चहा घ्या, बूट नीट बांधा, उतारावर काठी टोचून पाहा. टोक नुसतंच वाजलं तर थांबा. थोडं आत गेलं तर निघा. साडेदहा ते साडेबारा हा वेळ कशासाठीही सोडू नका, फोटोसाठी तर अजिबात नाही. एक-दीडनंतर जेवण.

आपल्याकडे सहलीला गेलं की सकाळचा नाश्ता अकरापर्यंत चालतो आणि "पैसे भरलेत तर शेवटच्या फेरीपर्यंत वसूल करू" असा हिशोब असतो. उशिराच्या हंगामात हा हिशोब उलटा पडतो. दुपारी तीनला थकलेल्या पायांनी, लगद्यात, "आता एक शेवटची" म्हणून जे निघतात त्यांचेच गुडघे दुखावतात.

कधीच स्की केलं नाही. उशिराच्या हंगामात शिकता येईल का?

येईल, आणि काही बाबतींत सोपं जाईल. हवा सुसह्य असते. मार्चअखेरीस गुलमर्गला दिवसा पाच ते दहा अंश, रात्री शून्याच्या आसपास. बोटं बधिर झालेल्या माणसाला काही शिकवता येत नाही. बर्फ मऊ असल्याने पडण्याची भीतीही कमी. गर्दी ओसरलेली असल्याने प्रशिक्षक तुमच्याकडे पुरेसं लक्ष देतो.

तोटा एकच: शिकण्यासाठीचे सोपे उतार खाली मैदानात आहेत आणि तेच आधी वितळतात. म्हणून बुकिंग करण्याआधी फोनवर "बर्फ आहे का?" असं विचारू नका, उत्तर कायम "बहोत है" असंच येतं. "खालच्या बेबी स्लोपवर सलग बर्फ आहे की तुकडे?" असं विचारा, आणि त्याच दिवशीचा व्हिडिओ मागा.

गुलमर्गला केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनियरिंग ही संस्था आहे, तिचे कोर्स हिवाळ्यात चालतात. हंगाम सरताना ते संपलेले असू शकतात. मग नोंदणी असलेला खासगी प्रशिक्षक घ्यावा. सलग तीन-चार दिवस द्या. पहिल्या दिवशी नुसतं चालणं, पडणं आणि उठणं होतं. स्कीची टोकं जवळ आणि मागची बाजू फाकवून वेग रोखायचा, याला तिथे सगळे पिझ्झा म्हणतात, ते दुसऱ्या दिवसापर्यंत जमतं. तासाभराच्या पॅकेजमध्ये कोणीतरी तुम्हाला हाताला धरून ओढतं आणि फोटो काढतं. हौस म्हणून ठीक आहे, पण त्याला शिकणं म्हणू नका.

दुसऱ्या टप्प्यावरून, म्हणजे फेज टूवरून, स्की करत खाली यावं का?

नवशिक्यांनी नाही. बघायला जरूर जा, स्कीवर उतरू नका.

युरोपातल्या रिसॉर्टमध्ये रात्री यंत्रं फिरवून उतार सपाट केलेले असतात. अफरवतचा बहुतेक भाग तसा नाही, तो मोकळा डोंगर आहे. तिथे हिमस्खलन होतं आणि माणसं दगावतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये खिलनमर्ग भागात झालेल्या स्खलनात एका रशियन स्कीअरचा मृत्यू झाला.

वसंतातलं स्खलन हिवाळ्यातल्यापेक्षा निराळं असतं. हिवाळ्यात ताज्या बर्फाचा थर सुटतो. वसंतात वितळलेलं पाणी खाली झिरपून थरांमधली पकड सैल करतं आणि जड, ओला बर्फ घसरायला लागतो. तो वेगाने कमी पण वजनाने भयंकर असतो, थांबला की घट्ट बसतो. त्याची वेळ मात्र बरीचशी ओळखता येते: ऊन तापल्यानंतर, दुपारी, आणि ढगाळ रात्रीनंतर सकाळपासूनच. उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप गडगडत येत असतील, खडकांभोवतीचा बर्फ सुटत असेल, तर तो इशारा आहे. नव्या बर्फानंतरच्या पहिल्या कडक उन्हाच्या दिवशी तर जास्तच सांभाळावं.

ज्यांना चांगलं स्की येतं त्यांनीही गाइड, स्खलनात शोधायला लागणारा ट्रान्सीव्हर, फावडं आणि बर्फात खुपसून शोधायची लांब काठी, म्हणजे प्रोब, याशिवाय आखलेली हद्द ओलांडू नये. संरक्षण खात्याची चंदीगडची डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाचे इशारे देते आणि गुलमर्गचं गस्ती पथक रोज कोणता भाग उघडा, कोणता बंद ते ठरवतं. "साहब, कुछ नहीं होता" म्हणणारा गाइड दिसला की दुसरा शोधा.

नागपूरच्या उन्हात वाढलो, तिथल्या उन्हाला काय घाबरायचं?

घाबरायलाच हवं. आपलं ऊन तापवतं, म्हणून आपण सावलीत पळतो. तिथलं ऊन थंड हवेत जाणवतच नाही, आणि त्वचा मात्र भाजते. दर हजार मीटर उंचीला अतिनील किरणं सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात, शिवाय ताजा बर्फ त्यातली ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो. म्हणजे हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या कडेला आणि कानामागेही क्रीम लागतं. एसपीएफ ३० किंवा वरचं, दर दोन तासांनी पुन्हा. ओठांसाठी वेगळं. दुपट्टा किंवा रुमाल बांधायची नागपुरी सवय इथे उपयोगी पडते, ती सोडू नका.

डोळ्यांचं जास्त महत्त्वाचं. चष्म्याशिवाय काही तास काढले तर बुबुळाचा बाहेरचा पडदा भाजतो, याला हिमांधत्व म्हणतात. त्रास लगेच होत नाही. संध्याकाळी किंवा रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं, पाणी येतं, उजेड सहन होत नाही. बहुधा एक-दोन दिवसांत बरं होतं, पण सहलीचे तेवढे दिवस जातात. असं झालं तर डोळे चोळू नका, लेन्स काढा, अंधारात थांबा, डॉक्टरांना दाखवा. अतिनील किरणं रोखणारा, कॅटेगरी ३ चा, बाजूने झाकणारा चष्मा किंवा स्की गॉगल घ्या. सीताबर्डीच्या फुटपाथवरचा काळा चष्मा डोळ्याची बाहुली मोठी करतो आणि किरणं आत सोडतो. त्यापेक्षा तो नसलेला परवडला.

कपडे कोणते? स्वेटरवर स्वेटर चढवू का?

नको. उशिराच्या हंगामात शत्रू ओल आहे, थंडी दुसऱ्या नंबरावर. तुम्ही पडणार, बर्फ वितळणार, पँट भिजणार. म्हणून वॉटरप्रूफ पँट आणि वॉटरप्रूफ हातमोजे यांवर पैसे खर्च करा. आतून घाम शोषून लवकर वाळणारा पातळ थर, मधे फ्लीस, वरून वारा-पाणी अडवणारं जॅकेट. उन्हात मधला थर काढून सॅकमध्ये टाकता आला पाहिजे. सुती बनियन आणि जीन्स या दोन्ही गोष्टी हॉटेलवर ठेवा, एकदा ओल्या झाल्या की वाळत नाहीत.

खरेदी मात्र डिसेंबर-जानेवारीतच उरका. नागपुरात तिबेटी स्वेटरवाले थंडीपुरते बसतात. मार्चमध्ये शहरात लोकरी मोजा शोधत फिरणं हा एक वेगळाच साहसी खेळ आहे.

मोजे एकच जोडी, लांब, पातळ. दोन जोड्या घातल्या की बुटात पाय सरकतो आणि फोड येतात.

स्की आणि बूट भाड्याने मिळतात ना? काय तपासायचं?

मिळतात, सरकारी आणि खासगी दोन्हीकडे. पण हंगामभर दगडांवर घासलेलं सामान मार्चअखेरीस हातात येतं. स्कीच्या लोखंडी कडेवर नखाचा मागचा भाग हलकेच आडवा ओढा. नख खरवडलं गेलं तर धार आहे. गुळगुळीत गेलं तर दुसरी मागा, सकाळच्या टणक बर्फावर बोथट कड म्हणजे ब्रेक नसलेली गाडी चालवणं झालं. तळाला उबदार हवेचं वॅक्स लावून घ्या, दुपारी चिकटणं कमी होतं.

बूट सगळ्यात महत्त्वाचा. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की किंचित मागे सरकली पाहिजेत. टाच उचलली जाता कामा नये. "थोडा मोठाच द्या" ही आपल्याकडे मुलांच्या शाळेच्या बुटांसाठीची पद्धत इथे चालत नाही.

बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणारा खटका, तुमच्या वजनावर, उंचीवर आणि अनुभवावर सेट करतात, म्हणजे पडताना बूट वेळेवर सुटतो. वजन खरं सांगा. आणि हेल्मेट घ्या, दुकानदार म्हणाला लागत नाही तरी.

उंचीवर दम लागेल का?

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर. दोन विमानांनी त्याच दिवशी २,६५० मीटरवर पोहोचलात तर काहींना डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं हे होतंच. श्रीनगरला, म्हणजे सुमारे १,६०० मीटरवर, एक रात्र काढून वर गेलं तर बराच फरक पडतो. गोंडोलाच्या वरच्या टोकाला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ-बासष्ट टक्के असतो. तिथे पळापळ करू नका. डोकं दुखायला लागलं तर खाली या, गोळी घेऊन वर थांबू नका. हृदयाचा, फुप्फुसाचा त्रास असेल किंवा गरोदर असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. डायमॉक्स हे उंचीच्या त्रासावरचं औषधसुद्धा मित्राने सांगितलं म्हणून सुरू करू नये.

नागपुरात राहून तयारी काय करायची?

रामटेकला जा आणि गडमंदिराच्या पायऱ्या उतरा. चढणं तर चांगलंच, पण मुद्दा उतरण्याचा आहे. स्की करताना मांडीचे स्नायू ताणलेल्या अवस्थेत वजन पेलतात, आणि पायऱ्या उतरताना नेमकं तेच होतं. सेमिनरी हिल्सचा चढ-उतार, घरी भिंतीला पाठ टेकवून खुर्चीसारखं बसणं, एका पायावर तोल सांभाळत दात घासणं, एवढं सहा आठवडे केलं तरी पुरे. रोलर स्केटिंग येणाऱ्या मुलांना तोल लवकर सापडतो. फुटाळ्यावर नुसत्या चकरा मारून दम वाढेल, मांड्या तयार होणार नाहीत.

नागपूरहून जायचं कसं?

सोनेगावहून दिल्ली आणि तिथून श्रीनगर, हे सगळ्यात सरळ. सकाळचं विमान पकडलं तर दुपारी श्रीनगर. तिथून गुलमर्ग सुमारे पन्नास किलोमीटर, टॅक्सीने दीड-दोन तास. ताजा बर्फ पडला असेल तर वाटेतल्या टंगमर्गला गाडी बदलून साखळ्या लावलेली किंवा फोर बाय फोर गाडी घ्यावी लागते, तिचे पैसे वेगळे. दर तिथेच ठरवा, गाडीत बसण्याआधी.

रेल्वेचा रस्ता आता खरोखर विचारात घेण्यासारखा झाला आहे. चेन्नईहून कटऱ्याला जाणारी अंदमान एक्सप्रेस नागपूरवरून जाते. ६ जून २०२५ रोजी कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाली, ती सुमारे तीन तास घेते आणि नदीपासून ३५९ मीटर उंच असलेल्या चिनाब पुलावरून जाते. वेळ भरपूर असेल आणि सोबत म्हातारी माणसं नसतील तर मी रेल्वेच निवडेन.

दोन बारीक गोष्टी. जम्मू-काश्मीरबाहेरचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, निदान एकाकडे तरी पोस्टपेड असू द्या. आणि गोंडोलाचं तिकीट केबल कार कॉर्पोरेशनच्या संकेतस्थळावर आधीच काढा. ट्यूलिपच्या दिवसांत फेज टूची तिकिटं लवकर संपतात.

काश्मीरला जाणं सुरक्षित आहे का?

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ बैसरनला झालेल्या हल्ल्यात २६ जणांचा जीव गेला, त्यात महाराष्ट्रातलेही होते. त्यानंतर बरीच पर्यटनस्थळं बंद ठेवली गेली आणि टप्प्याटप्प्याने उघडली. हे विसरून सल्ला देणं बरोबर नाही. निघण्याच्या आठवड्यात सरकारी सूचना वाचा, रद्द करता येईल असंच बुकिंग करा, आणि घरच्यांना मनातून नको वाटत असेल तर त्यांना ओढत नेऊ नका.

मनाली किंवा औली जवळ पडेल का?

उत्तराखंडमधली औली सुंदर आहे, शिकायला उतारही छान, पण साधारण २,५०० ते ३,०५० मीटरच्या पट्ट्यात. मार्चच्या मध्यापर्यंत तिथलं बहुतेक आटोपतं. खालच्या जोशीमठची जमीन खचल्यानंतर जानेवारी २०२३ पासून तिथला रोपवेही बंद पडला.

मनालीजवळच्या सोलंगचा बर्फ मार्चमध्येच आटतो. एप्रिल-मेमध्ये टॅक्सीवाले अटल बोगद्यापलीकडे किंवा रोहतांगच्या बाजूला "स्नो पॉइंट"वर नेतात. तिथे भाड्याचा झगा, भाड्याची स्की आणि पन्नास मीटर घसरण मिळते. मुलं खूश होतात, ते खोटं नाही. पण ज्याला स्की करायचं आहे त्याने त्यासाठी मनालीला जाऊ नये.

आल्प्समध्ये एप्रिल-मेला काय मिळतं?

पैसे असतील तर खात्री मिळते. फ्रान्समधलं व्हाल तोरांस गावच २,३०० मीटरवर आहे आणि मेच्या सुरुवातीपर्यंत चालतं. स्वित्झर्लंडच्या झरमॅटला ३,८८३ मीटरच्या क्लाइन मॅटरहॉर्नखालच्या हिमनदीवर बाराही महिने स्की होतं, ऑस्ट्रियाच्या हिंटरटुक्सलाही. उतार रात्री यंत्राने सारखे केलेले असतात, त्यामुळे नवशिक्याला तिथे गुलमर्गपेक्षा सोपं जातं. ईस्टर उलटला की गर्दी आणि खोल्यांचे दर दोन्ही उतरतात.

नागपूरहून युरोप टूरला जाणारे बरेच जण स्वित्झर्लंडच्या टिटलिस डोंगरावर जाऊन येतात, बर्फाचा गोळा एकमेकांना मारतात आणि परततात. त्याच डोंगरावर मेपर्यंत स्की चालतं. टूरमध्ये पायथ्याच्या एंगेलबर्गचा मुक्काम असेल तर टूर मॅनेजरला अर्धा दिवस मागून बघा. नाही म्हणेल, पण मागावा.

विमा लागतो का?

लागतो, आणि बारीक अक्षरं वाचावी लागतात. साध्या प्रवास विम्यात हिवाळी खेळ बऱ्याचदा वगळलेले असतात. जे धरतात तेही आखलेल्या उताराबाहेरचा अपघात मान्य करत नाहीत. डोंगरावरून खाली आणण्याचा खर्च धरला आहे का, तेही लेखी विचारा.

आई-बाबा सोबत आहेत, ते स्की करणार नाहीत.

पहिल्या टप्प्याच्या गोंडोलाने कोंगडूरीपर्यंत त्यांना न्या, तिथे बसायला, खायला मिळतं. मार्चअखेरीस उन्हात बसणं सुखाचं असतं. खाली स्लेजवाले, म्हणजे बर्फावरून घसरगाडी ओढणारे, मागे लागतात. बसायचं नसेल तर एकदाच ठाम नाही म्हणा, भाव विचारला की सुटका नाही. शाकाहारी जेवणाची पंचाईत होत नाही. कमळाच्या देठांची भाजी, म्हणजे नदरू, आणि हाक नावाची पालेभाजी मागून खा. तर्रीची सवय असलेल्यांना ते अळणी वाटू शकतं, ठेचा घरून न्यावा.

आवडलं तर स्की विकत घेऊन ठेवू का?

नागपुरात राहून? नको. विमानात न्यायचा खर्च, वर्षातून एकदा वापर, आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत लोखंडी कडा गंजतात. गॉगल, हातमोजे, मोजे आणि हेल्मेट स्वतःचं घ्या, बाकी भाड्याने. पुढे पुन्हा जायचं ठरलं तर स्कीच्या आधी बूट घ्यावेत, कारण दुसऱ्याच्या पायाला बसलेला बूट आपल्याला कधीच नीट बसत नाही. परतल्यावर आतला अस्तराचा भाग बाहेर काढून सावलीत वाळवा. एप्रिलच्या नागपुरी उन्हात गच्चीवर टाकलात तर फोम आणि गोंद दोन्ही जातील.